बघितलं की येणारं गिऱ्हाईक

लॅपटॉपच्या पडद्यावरची शेवटची ओळ थोड्या थोड्या वेळाने एक घर वर सरकत होती आणि तिच्या जागी हुबेहूब तशीच नवी ओळ येत होती.

"तोच पत्ता," ती म्हणाली. "परत आला."

नवऱ्याच्या हातातला रंधा थांबला. तो तीन पायांची लाकडी स्टुलं बनवायचा. फर्निचरच्या कारखान्याने त्याला नोकरी देऊ केली होती आणि आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. एक जरी गिऱ्हाईक दिसलं तर नाही म्हणायचं, असं त्याच्या मनात होतं. म्हणून तिने, एरवी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणाऱ्या बाईने, दुकानाच्या वेबसाइटला छोटासा डेटाबेस जोडला होता. सगळा मिळून एकच फाइल. कोण, म्हणजे कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून, आलं आणि कधी, एवढंच तो टिपायचा. कुठलं पान उघडलं ते तिने मुद्दाम वगळलं होतं; उगाच भार नको.

"इतक्यांदा?" नवरा म्हणाला. "पठ्ठ्या फिदाच झालाय."

ती लॅपटॉप मिटून चहा करायला गेली. परत येऊन बघते तर मधल्या वेळात कोणी फिरकलंच नव्हतं. पण नोंदींचं पान उघडायचा अवकाश, स्वारी हजर.

"आपण बघत नसलो की तो येत नाही."

"लाजाळू असेल."

"लाजाळू माणूस बघताना येईल का?"

सासूबाई कपबशी घेऊन मागे उभ्या होत्या. "त्याला कळतं कसं गं आपण बघतोय ते? आधी खिडकीचा पडदा ओढ."

तिने ओढला. तरी गिऱ्हाईक आलंच.

नवऱ्याने धाकट्या भावाला फोन लावला. त्याने ऑफिसातूनच नोंदींचं पान उघडलं.

"वहिनी, इथे तर दुसरंही गिऱ्हाईक आलंय!"

नवरा स्टुलांवरचा भुसा झटकायला लागला.

"भाऊजी, ते पान जरा बंद करा," ती म्हणाली. दुसरं गिऱ्हाईक थांबलं. "आता उघडा." आलं.

प्रयोगशाळेत नवख्यांना ती पहिल्याच दिवशी बजावायची, आधी आपली बाटली धुवा, नाहीतर आपलीच घाण मोजत बसाल.

"अहो, नोंदींचं पानसुद्धा वेबसाइटचंच पान आहे. ते आपोआप ताजं होतं आणि दर वेळी बघणाऱ्यालाच पाहुणा म्हणून मोजतं."

"म्हणजे हा..."

"तुम्ही आणि मी. तो दुसरा म्हणजे भाऊजी."

"आणि बाकीचे?"

तिने ते दोन्ही पत्ते वगळले. पान कोरं झालं.

नवऱ्याने गार झालेला चहा संपवला. "मघापासून मीच माझ्या दुकानात येतोय," तो म्हणाला, "आणि मलासुद्धा एक स्टूल घ्यावंसं वाटलं नाही. कारखान्याला हो म्हणून कळवतो."