दोलायमान हत्यार आणि बनुबाईचं दार

माणसाला लग्न एका बैठकीत ठरवता येतं, कारण त्यात वॉरंटीचा प्रश्न येत नाही. हत्यार घेताना मात्र चार डोकी लागतात, आणि चार डोकी एकत्र आली की मंडळ होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आवळकोंड म्हणून सत्तावीस उंबऱ्यांची वाडी आहे, तिथे अशी दोन मंडळं आहेत. ग्रामीण मंडळ गावात राहतं आणि मुंबई मंडळ गावाचं कल्याण करतं. ठराव दोन्हीकडे पास झाल्याशिवाय आवळकोंडात पान हलत नाही (वाऱ्याने हलतं, पण त्याची नोंद होत नाही).

हैबती हे ग्रामीण मंडळाचे चिटणीस. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते, बिरवाडीत खोली घेऊन राहिले, आणि निवृत्त होऊन गावी आले ते तीन कोटेशनांशिवाय काही न करण्याची सवय घेऊन. केस कापायलासुद्धा ते पोलादपुरातली तीन दुकानं फिरतात आणि मग पहिल्याच दुकानात जाऊन बसतात.

प्रकरण बनुबाईच्या दाराचं होतं. बनुबाई ही हैबतींची सख्खी काकी. वय बहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले, मुलगी बिरवाडीला दिलेली, घरात एकटी. हैबतींची आई लवकर गेली तेव्हा चौथीपासून दहावीपर्यंत त्यांचं दुपारचं जेवण याच घरात झालं होतं. ही गोष्ट कुठल्याही इतिवृत्तात नाही.

मे महिन्यात मुंबई मंडळाने बनुबाईच्या घराला फरशी घालून दिली. जमीन सारवायचे कष्ट वाचले, याबद्दल दुमत नाही. मग देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी कुठे लावायची, हा प्रश्न आला. भिंत मातीची, पाटी पेलणार नाही. अंगणात लावावी तर कोंबड्या. शेवटी जमिनीतच बसवायची ठरली; पण नावांवर कुणाचा पाय पडता कामा नये. दार लावलेलं असताना दारामागच्या जागेवर पाय पडत नाही, हे त्या दुपारी सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून पुढचं दार नीट लावून घेऊन, त्याला आतून चिकटून पाटी बसवण्यात आली. ती फरशीपेक्षा बोटभर उंच झाली. दार आत उघडणारं. बसवणारे मागच्या दाराने बाहेर पडले, सिमेंट सुकलं, आणि पुढचं दार त्यानंतर उघडलं नाही. नावांवर पाय न पडण्याचं उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झालं. पाटीवर नऊ नावं आहेत. ती वाचायला घरात एकटी बनुबाई, आणि तिला वाचता येत नाही.

सहावं नाव 'हैबती (संयोजक)' असं आहे. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. स्वतःचं नाव दगडावर पहिल्यांदाच आलं होतं.

बनुबाई मागच्या दाराने ये-जा करू लागली. म्हणजे आधी गोठा, मग दरडीच्या कडेची उतरती वाट, मग वळसा घालून अंगण. पुढच्या दारातून नळ अकरा पावलांवर होता. मागून एकशे चौदा. (हे अंतर हैबतींनी स्वतः मोजून अहवालात घातलं. मोजताना ते दोनदा घसरले. ते घातलं नाही.)

जूनच्या सभेत चंदू सुतार उभा राहिला.

"पटाशी हाय, मारतूल हाय, दाराची खालची कड तासतो," तो म्हणाला. "नायतर पाटीच उखडू या. दहा मिन्टाचा काम हाय."

पाटी उखडण्याच्या सूचनेवर सभा दोन मिनिटं स्तब्ध राहिली, जी स्तब्धता एरवी दिवंगतांसाठी पाळली जाते. पटाशीबद्दल हैबतींनी समजावलं की ठोकताना पटाशी निसटली तर एखाद्या देणगीदाराच्या आडनावाला इजा होऊ शकते. चंदूची सूचना 'तांत्रिक बाजू विचारात न घेतलेली' असा शेरा मारून नोंदवण्यात आली.

तांत्रिक बाजू दोनच दिवसांत मुंबईहून आली. मुंबई मंडळाचे सहचिटणीस हर्षद यांनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. त्यात एक गोरा माणूस हातातल्या यंत्राने दाराची खालची कड लोण्यासारखी कापत होता, आणि खालच्या फरशीवर ओरखडासुद्धा नव्हता. यंत्राचं पातं गोल फिरत नाही. जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे थरथरतं आणि तेवढ्यात कापतं. मंडळाची कार्यपद्धतीही हीच होती, कापण्याचा भाग सोडून. गावात त्याला थरथऱ्या म्हणू लागले. हैबतींनी इतिवृत्तात 'दोलायमान बहुउद्देशीय हत्यार' असं लिहिलं, आणि हत्यार एकमताने मंजूर झालं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कुणीतरी विचारलं, वायरचा की बॅटरीचा?

हैबती वायरवाले. स्टोअरमध्ये ते एक गोष्ट शिकले होते: वायर असलेली वस्तू फार लांब जात नाही. शिवाय वायरवाला दमत नाही, बॅटरी मरायची वाट बघत नाही, आणि नातवंडांपर्यंत टिकतो. हर्षद बॅटरीवाले. त्यांचं म्हणणं, वायर ही मागासलेपणाची खूण आहे, आणि आवळकोंडात पावसाळ्यात लाईट असतेच किती वेळ? हैबतींनी पंधरा दिवस नोंद ठेवली: लाईट रोज सरासरी पाच तास, त्यातले तीन तास मिणमिणती. मग बॅटरी चार्ज कशावर करणार, असं त्यांनी विचारलं. मुंबईत चार्ज करून एसटीने पाठवू, असं उत्तर आलं. बॅटरीला अर्धं तिकीट की पूर्ण, यावर जुलैची सभा संपली.

ऑगस्टपर्यंत वाडीत दोन तट पडले. वायरवाल्यांच्या घरचं विरजण बॅटरीवाले नेईनात. हैबतींचा तुलनात्मक तक्ता सोळा रकान्यांचा झाला: वजन, आवाज, ताकद, पाती सहज मिळणं, हाताला येणाऱ्या मुंग्या, इभ्रत. बनुबाईचा रकाना नव्हता, कारण ती दोन्ही पर्यायांना समान होती.

ती रोज मागून वळसा घालून यायची आणि हैबतींच्या पडवीत टेकायची.

"हैबत्या, ठरला का रे?"

"ठरतंय, काकी. घाई करून चालत नाय."

"नाय रे, मी काय घाई करत नाय," ती म्हणायची, आणि गुडघे दाबत उठायची. हैबतींना तेव्हा आत कुठेतरी टोचायचं. ती गेली की ते तक्त्यात एक रकाना वाढवायचे, मग बरं वाटायचं.

शेवटी तोडगा निघाला, आणि दोन्ही मंडळांच्या शहाणपणाला साजेसा निघाला. अर्धं मुंबईचं ऐकायचं, अर्धं गावाचं. हत्यार बॅटरीचं घ्यायचं, ते हर्षद आणतील. आणि वायर गावाने घ्यायची. हैबतींनी महाडच्या बाजारात तीन दुकानं फिरून पंधरा मीटरचा उत्तम एक्स्टेन्शन बोर्ड पसंत केला.

गणपतीच्या आदल्या दिवशी हर्षद खोकं घेऊन आले. बनुबाईच्या अंगणात बंद दारासमोर सतरंजी घातली, हत्याराला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. हैबतींनी शेजाऱ्याच्या घरातून बोर्ड ओढून आणला. खोकं उघडलं. आत थरथऱ्या होता, देखणा होता, आणि बॅटरी नव्हती. खोक्यावर तसं स्वच्छ छापलं होतं. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. सोळा रकान्यांत तो रकाना नव्हता. एका बाजूला वायर नसलेलं यंत्र, दुसऱ्या बाजूला यंत्र नसलेली वायर, आणि मध्ये दार. दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर ठरले होते, त्यामुळे टाळ्या झाल्या.

टाळ्या ऐकून आत बनुबाईला वाटलं, दार उघडणार. तिने थोडा वेळ आतून वाट पाहिली. मग आपल्या दाराचं कौतुक आपणच चुकवायचं म्हणजे काय, असं मनात येऊन ती मागच्या दाराने निघाली. गोठा ओलांडला. एकशे चौदापैकी साठेक पावलं झाली असतील, तेव्हा दरडीच्या वाटेवर तिचा पाय घसरला.

हैबतींनी तिला पाठीवर घेतलं. जीप खाली डांबरी रस्त्याला होती. तिचं वजन कितीसं असणार, पण उतरताना हैबतींना ते सहन होईना. तिने त्यांच्या कानाशी तोंड आणलं.

"ठरला का रे?"

हैबतींना रडू फुटलं. "ठरला, काकी," ते म्हणाले.

"मंग बरा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. बनुबाई आता बिरवाडीला मुलीकडे खाटेवर असते. पुढच्या संयुक्त सभेत दुःख व्यक्त करण्यात आलं आणि ठराव झाला: 'सदर दाराची वापरकर्ती सध्या गावी नसल्याने व तिचे चालणे बंद असल्याने दार उघडण्याची निकड राहिलेली नाही. हत्याराच्या देणगीदारांची पाटी उंबऱ्याबाहेर बसवावी.' हैबतींनी तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या दाराला कुलूप घालायला गेले. आत पाटीजवळ चंदूचं मारतूल पडलेलं होतं. कधी आणून ठेवलं कोण जाणे. हैबतींनी ते उचललं. सभा नव्हती, कोटेशन नव्हतं, बघायलाही कुणी नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं. मग खाली बसून त्यांनी पंच्याने सहाव्या नावावरची धूळ पुसली, कुलूप लावलं, आणि मारतूल चंदूला परत केलं.

राहता राहिला प्रश्न वायरचा की बॅटरीचा. ग्रामीण मंडळ याबाबत बाहेरच्या जाणकारांची मतं मागवत आहे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी मनातल्या मनात आपलं मत मघाशीच, म्हणजे बनुबाई पडायच्या आधीच, पक्कं करून ठेवलंय त्यांनी आपलं पूर्ण नाव कळवावं. नव्या पाटीवर अजून जागा आहे.