गोड बातमीची पूर्वपरवानगी

आमच्या मध तपासणी कार्यालयातल्या दोघीजणी एकदमच बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि बरण्यांवर शिक्के मारण्याचे काम ठप्प झाले. बाब गंभीर होती. बाकीचे आम्ही हजर होतो, हे खरे. पण आमच्या हजेरीने काम होते असा कार्यालयाचा पूर्वानुभव नव्हता.

आमच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, यांनी मधमाश्यांच्या तज्ज्ञाला बोलावून घेतले. "तुमच्या पोळ्यात हजारो माद्या. त्या रजा मागत नाहीत?"

तज्ज्ञ भोळा माणूस. "राणीच्या अंगातून एक गंध सुटतो, मॅडम. तिच्या सेवेतल्या माश्या तिला चाटतात, त्यांच्यामार्फत तो पोळंभर पसरतो. तो दरवळतोय तोवर कामकरी माश्या सहसा अंडी घालत नाहीत. ते खातं राणीकडेच."

"चाटणारे आमच्याकडे आहेत," बाई म्हणाल्या. "गंध तेवढा मागवा."

"अहो, पण ते माश्यांचं आहे!"

"आमचेही लोक दिवसभर माश्याच मारतात. संबंध आलाच की."

झाले! बाईंच्याच अत्तराचा फवारा सोडणारे यंत्र भिंतीवर बसले. सोबत परिपत्रक निघाले: 'गोड बातमी देऊ इच्छिणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांनी, बातमी होण्यापूर्वी, योग्य मार्गाने पूर्वपरवानगी घ्यावी.' योग्य मार्ग म्हणजे हेडक्लार्क. तो बिचारा आठवडाभर लाजेने मान वर करेना.

नेमकी इथेच माशी शिंकली. आमच्यातली चाचणीवाली, म्हणजे मधाचा दाटपणा मोजणारी, हिला लग्नानंतर आठ वर्षे दवाखान्याचे उंबरे झिजवून आता कुठे दिवस गेले होते. डॉक्टरांनी पडून राहायला बजावले होते. रजा मिळाली नाही, तर मूल हाती लागण्याची खात्री नव्हती. भीतीपोटी ती गप्प होती. पण यंत्र फुस्स करायचे आणि ती तोंडावर रुमाल दाबून बेसिनकडे पळायची.

"पित्त झालंय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही पित्तच. तिसऱ्या दिवशी टायपिस्टकाकूंनी डोळे बारीक केले. यंत्राने फक्त गंध सोडला होता. नाक खुपसण्याचे काम आम्ही बिनपगारी केले. दुपारपर्यंत सगळ्या कार्यालयाला कळले आणि संध्याकाळी तिची खुर्ची बरोबर यंत्राखाली सरकवण्यात आली.

"आत्ताच कशाला गं?" काकू म्हणाल्या. "जरा थांबायचं ना! तुझ्या बरण्या आता आमच्याच बोडक्यावर."

"काकू, आठ वर्षं तुम्हीच विचारत होतात ना, गोड बातमी कधी म्हणून?"

"ते घरच्या नात्यानं. हे ऑफिसच्या."

तिचा रजेचा अर्ज परत आला: 'पूर्वपरवानगी जोडलेली नाही.' तिने परवानगी मागितली. उत्तर आले: 'घटना आधीच घडली असल्याने पूर्वपरवानगी देता येत नाही.' नियमात काही चूक नव्हती. ती बेसिनपाशी उभी राहून हमसाहमशी रडली. आम्हाला वाईट वाटले. म्हणून आम्ही दार लोटून घेतले.

शेवटी ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. बाई फोनवर होत्या. "अगंबाई! खरंच? आता पूर्ण आराम कर हं बाळा. नोकरी गेली खड्ड्यात!" बाईंच्या लेकीकडे गोड बातमी होती. आम्ही आत धावलो, टाळ्या वाजवल्या, नमुन्याच्या बरण्या फोडून एकमेकांना मध चाटवला. काकूंचे तर डोळे भरून आले.

चाचणीवालीने त्याच टेबलावर राजीनामा लिहिला.

"अगं, हे काय अविचारासारखं?" बाई म्हणाल्या.

"लेकीला सांगितलंत ना मॅडम, तेच मी ऐकलं."

पुढे तज्ज्ञ यंत्र बघायला आला. आम्ही अभिमानाने यशाची हकिगत सांगितली. तो ओशाळून म्हणाला, "खरं सांगू? गंधालाही सगळ्या बधत नाहीत. एखादी चुकून घालतेच अंडं."

"मग राणी काय करते?" काकूंनी विचारले.

"राणीला पत्ताही नसतो. शेजारच्या कामकरी माश्याच ते अंडं हुंगून शोधतात आणि खाऊन टाकतात."

"शी!" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. किडामुंगीच्या जातीला माया नसते, यावर आमचे एकमत झाले.

चाचणीवालीच्या खुर्चीवर नुकतेच लग्न झालेली एक मुलगी आली आहे. काकूंनी पहिल्याच दिवशी लाडाने तिचा गाल ओढला. "काय मग, गोड बातमी कधी?"

हसलात? परवाच्या लग्नात तुम्हीही एखादीला हेच विचारलेत, ते आठवा. आणि उद्या तिच्या रजेतले काम तुमच्या टेबलावर आले की काय म्हणाल, तेही आत्ताच सांगून टाका.