न्हाणीमागची गाठ

मंगळवारी दुपारी साडेबाराला पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या कारकुनाने बाटलीचं झाकण उघडलं. आत गूळ होता.

कारकुनाने वास घेऊन खात्री केली आणि बाटली खिडकीतून बन्सीकडे सरकवली. बन्सीने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. थोरल्या भावाचं नाव बरोबर होतं. काकासाहेब, वय चव्वेचाळीस, उजव्या जांघेतली गाठ.

पाऊण वाजता मिरजगावच्या किराणा दुकानातला फोन वाजला आणि काकासाहेब टेलरला बोलावणं गेलं. जांघेतल्या टाक्यांवर हात दाबून तो दुकानापर्यंत आला.

"दादा, बाटलीत गूळ हाय."

"कुठल्या बाटलीत?"

"तुझ्या."

"मग गाठ कुठंय?"

"त्येच इचारतोय मी. हितला कारकून म्हनतो, गूळ मार्केट यार्डात न्या, हितं बोली लागत न्हाई."

काकासाहेबाच्या उजव्या तळपायाला काळा डाग उठला होता. शिलाई मशीनच्या पायडलने पडलेला घट्टा समजून त्याने तो वर्षभर ब्लेडने खरवडला. दोन महिन्यांपूर्वी नगरच्या डॉक्टरांनी डाग काढून तपासायला पाठवला, तो कॅन्सर निघाला. कातडीचा हा प्रकार आपल्याकडे क्वचितच दिसतो, असं डॉक्टर म्हणाले. आता जांघेत गाठ हाताला लागत होती. सोमवारी ती काढली. गाठीत रोग नसेल तर नुसतं तपासत राहायचं. असेल तर जांघेतल्या सगळ्याच गाठी काढायच्या, आणि पुढे उपचाराला मुंबई. सगळं त्या बाटलीवर होतं. बाटली सोमवारी रात्री घरातल्या फळीवर होती आणि सकाळी सहाच्या एस्टीने बन्सीबरोबर पुण्याला गेली होती.

काकासाहेब घरी आला. आई, साळूबाई, दारात तांदूळ निवडत होती.

"आये, बाटलीतली गाठ कुठंय?"

"पहाटं पुरली."

"पुरली?"

"मग? जित्या मान्साचं मास काय एष्टीनं हिंडवायचं? तुझी नाळ पुरली तितंच पुरली, न्हाणीमागं. हळद लावून. त्यातलं पानी लई घान मारत हुतं, डोळं चुरचुरलं माझं. वतून दिलं."

"आन् गूळ?"

"डाक्टरचं भांडं रिकामं कसं धाडायचं? आपल्यात काय रीत हाय का न्हाई?"

काकासाहेबाची बायको लंकाबाई चुलीपासून उठून आली. "आत्याबाई, त्या पान्यातच ती टिकनार हुती. तपासायची हुती ती."

"गळू काय तपासायचं? गळू हाय म्हनून तुमीच सांगितलं ना मला?"

ते खरं होतं. म्हातारीला कॅन्सर हा शब्द सांगायचा नाही, असं घरात ठरलं होतं. ठरवलं काकासाहेबानेच होतं.

टाक्यांमुळे त्याला बसता येईना. लंकाबाईने खुरपं घेतलं, साळूबाईने जागा दाखवली. वीतभर उकरल्यावर हळदीने माखलेला एक गोळा निघाला. लंकाबाईने तो लगेच तांब्याभर पाण्याने धुतला. मग तिथेच दुसरा निघाला.

"दोन कशा?" काकासाहेब म्हणाला.

"एक करडाची नाळ आसंल. परवा शेळी याली न्हाई का?"

"यातली माझी कुठली?"

साळूबाईने दोन्ही निरखून पाहिल्या. "हळद मी दोनीला लावलीया."

काकासाहेबाने नगरला फोन केला. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "किती तास झाले?"

"धा."

"दोन्ही घेऊन या. आणि धुऊ नका."

"एक धुतली."

"दुसरी धुऊ नका."

संध्याकाळी डॉक्टरांनी दोन बाटल्या भरल्या आणि त्यांवर एक आणि दोन असे आकडे टाकले. "मला वाटतं तुमची एक नंबरची."

"वाटतं?"

"काल काढली तेव्हा तिला मुंग्या लागलेल्या नव्हत्या, काकासाहेब."

बुधवारी बन्सी पुन्हा त्याच खिडकीवर उभा राहिला. कारकुनाने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "आज भावाबरोबर आणखी कोण?"

"शेळीचं करडू," बन्सी म्हणाला. कारकुनाने ते लिहून घेतलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. डॉक्टरांनी तो आधी मनात वाचला, मग मराठीत सांगितला. दोन नंबरचा नमुना माणसाचा नाही, त्यात कुठलाही दोष नाही. एक नंबर म्हणजे गाठ खरी, पण बरीचशी कुजलेली. शाबूत भागात रोग आढळला नाही. उरलेल्या भागाबद्दल सांगता येत नाही.

"म्हंजे न्हाई?" काकासाहेबाने विचारलं.

"दिसला तेवढ्या भागात नाही."

"किती दिसला?"

"चार आणे."

"म्हंजे सोळा आणे खात्री फकस्त शेळीची," बन्सी म्हणाला.

डॉक्टरांनी काकासाहेबाला टेबलावर झोपवून जांघ पुन्हा चाचपली. टाक्यांच्या वरच्या बाजूला बोट थांबलं, परत फिरलं, पुन्हा तिथेच थांबलं. "इथे आणखी एक लागतेय. टाक्यांची सूजही असेल, नाही असं नाही. पण ही काढू. गुरुवारी या. बाटली माझा माणूस नेईल."

"सांगतो," काकासाहेब म्हणाला.

परतताना त्याने अहवाल मागून घेतला. त्यातली 'आढळला नाही' ही ओळ डॉक्टरांकडून पेन्सिलीने अधोरेखित करून घेतली. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठे आहे ते पाठ झालं. शिवणाच्या दुकानात कुणी विचारलं की तो कागद उलगडून तिथे बोट ठेवायचा.

"चार आन्याचं आसंना," तो लंकाबाईला म्हणाला, "पन न्हाई तर म्हनलंय."

"आन् बारा आनं?"

"त्ये मातीत गेलं."

"दुसरी काढली तर समदंच कळंल की."

"त्येच तर नगं."

साळूबाईला गळू बरं झालं असं सांगण्यात आलं. तिने अहवालाला हळदीकुंकू वाहिलं आणि रोज रात्री तो देवाच्या फळीवर राहू लागला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता डॉक्टरांनी टेबल तयार ठेवलं होतं. काकासाहेब त्या वेळी मिरजगावात एका लग्नाच्या सफारीचं माप घेत होता. पुढचे दोन गुरुवारही तसेच गेले. जांघेतलं ते जे काही आहे, ते आता विजारीच्या कापडावरूनही हाताला लागतं, असं लंकाबाई सांगते.