दोन चौकट

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कोपरीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये गुणाजी घाग यांनी टेबलावर 'दोन चौकट'चं कार्ड ठेवलं. ठेवायचं होतं 'तीन'.

ब्रिजमध्ये खेळाआधी बोली लागते: हुकूम कोणता, हात किती करणार. ती तोंडाने नाही, छापील कार्डांनी. भिडूने चौकट बोलली, की हलक्या पानांवर दोन म्हणायचं आणि भारी पानांवर तीन, हा जुना रिवाज. गुणाजींच्या भिडू, निवृत्त गणितशिक्षिका डोरोथीबाई, यांनी महिन्यापूर्वी तो उलटा केला.

"भारी पानांना सावकाश चढायला जागा लागते, म्हणून दोन. हलकी असतील तर थेट तीन," त्यांनी सकाळी पुन्हा बजावलं होतं. "दोनदा विसरलात. आज विसरलात तर डोंबिवलीच्या स्पर्धेला मी तुमच्या जागी मार्सेलला भिडू घेईन."

"पाठ आहे, मॅडम."

अकरा वर्षांची जोडी. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस गुणाजी रविवारची वाट बघण्यात घालवत.

"अलर्ट," डोरोथीबाई म्हणाल्या. भिडूची बोली रिवाजापेक्षा वेगळ्या अर्थाची असेल तर समोरच्यांना असं सावध करायचं, हा नियम.

"म्हणजे काय समजायचं?" समोरच्या जोडीतल्या कांताताईंनी विचारलं.

"दहा किंवा जास्त पॉइंट. तगडी पानं."

एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक; गुणाजींकडे एकूण सहा होते. चूक त्यांना त्याच क्षणी कळली. पण भिडूच्या खुलाशावरून काही उमगलं तर त्याचा फायदा घ्यायचा नाही, चेहऱ्यावर दाखवायचंही नाही, असा खेळाचा कायदा. गुणाजी पंख्याखाली पुतळ्यासारखे बसून राहिले. समोरचं पाणीही प्यायले नाहीत.

एक्के किती, हे विचारणारं कार्ड बाईंनी ठेवलं. गुणाजींनी खरं उत्तर दिलं: एकही नाही. एक्के नाहीत आणि पॉइंट दहा, म्हणजे राजे-राण्या भरपूर, असं गणित मांडून बाईंनी 'सहा चौकट' ठेवलं. तेरापैकी बारा हात करण्याची हमी.

कांताताईंचे भिडू चांगदेव यांनी पहिलं पान टाकलं. मग नियमाप्रमाणे गुणाजींनी आपली पानं उघडी मांडली; आता दोघांचीही पानं बाईच खेळणार. एक राजा, एक राणी, एक गुलाम. बाकी किरकोळ.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "थँक यू, गुणाजी."

शेजारच्या टेबलांवरचे खेळ थांबले. बाईंनी इस्पिक कापलं, बदाम कापले. किलवरचा एक्का चांगदेवांकडेच निघाला, म्हणून गुणाजींचा राजा वाचला. हात मोजले. बारा.

"बावीस वर्षं खेळतेय," कांताताई हळूच म्हणाल्या. "सहा पॉइंटवर असली उडी नाही बघितली."

"आणि माणूस बघ," चांगदेव म्हणाले. "पापणी हलली नाही. घागसाहेब, कसं सुचलं?"

"सुचलं कसलं. विसरलो मी. तीन म्हणायचं होतं."



"बघा," मागे उभा असलेला मार्सेल म्हणाला, "एवढं करून वर हा साधेपणा. मॅडम, हा उलटा रिवाज मलापण शिकवा ना."

मार्सेल, कांताताई, चांगदेव, तिघांनी तो वहीत उतरवून घेतला; उतरवला तो गुणाजींनी खेळला तसा, हलक्या पानांवर दोन. डोरोथीबाईंनी दुरुस्ती केली नाही. त्या गुणाजींकडे बघत होत्या.

डोंबिवलीच्या स्पर्धेचे अर्ज सहापर्यंत घेणार होते. सहाला पाच कमी असताना अर्ज टेबलावर होता. बाईंचं नाव पेनने. त्याखाली गुणाजी घाग, पेन्सिलीने. खोडरबर बाईंच्या मुठीत होता.