कोंबडीचं खोकं आणि माझा तानपुरा

तानपुरा करणं म्हणजे काय मोठी गोष्ट हो? एक पेटी, एक दांडी आणि चार तारा! आमच्या हर्षलाची पहिलीच गायनस्पर्धा, तीही कडावला. बिचारी मोबाइलमधला तानपुरा लावून गाणार होती. मी गरजलो, "भिसेगावच्या धनेशची पोरगी मोबाइलवर गाणार? खरा तानपुरा देतो तुला!"

"पप्पा, माझं हसं नका करू हं," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

गोठ्यात पाइनच्या फळ्यांचं एक खोकं पडलं होतं. खोपोलीच्या कुठल्याशा कारखान्यात त्यातून मशीन आलं होतं, शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून खोकं आमच्याकडे आलं. हलकं, मऊ लाकूड! टिचकी मारली की बोलायचं. रंधा मारला, लांबट पेटी जोडली, वरची फळी भोक पाडून वेगळी ठेवली. पेटी मात्र लोणच्यासारखी मुरायला गोठ्यातच ठेवली, चांगले तीन आठवडे! मुरणाऱ्या लाकडाकडे सारखं बघू नये, हा माझाच नियम.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मी दांडीला पॉलिश करत बसलो होतो. शेजारच्या सख्याला म्हटलं, "जा, पेटीवर फळी स्क्रूनं बसव. आत काय दिसलं तरी हात लावायचा नाय, विचारायचं नाय. कारागिराचं गुपित असतं ते!"

सख्यानं इमानदारीत फळी बसवून पेटी आणली. मी दांडी जोडली, तारा ताणल्या. आवाज जरा दबका येत होता. म्हटलं, नवीन आहे, लाजतंय!

संध्याकाळी हर्षलानं स्टेजवर डोळे मिटून तार छेडली, सा लावला.

"चिव!"

परीक्षकांनी चष्मा काढला.

"चिव चिव चिव!"

"लाकडाचा अंगचा नाद आहे तो!" मी पहिल्या रांगेतून ओरडलो.

तेवढ्यात रिक्षानं आलेली आई हॉलमध्ये शिरली. काखेत कोंबडी!

"धनेश! माझी अंडी कुठं हायत रं? खुडूक कोंबडी बसवून आज एकवीस दिस झालं! ती घडीभर दाणं टिपायला उठली, तर खोकंच गायब!"

"आई, तू तिला त्या खोक्यात बसवलीस?"

"मग? दरसाल तितंच बसते ती! मला वाटलं, तू दुरुस्त करून ठेवलंस!"

मी सोबत आलेल्या सख्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "दादा, मला वाटलं पेंढा आन् अंडी हेच गुपित."

भोकातून एक चोच बाहेर आली. हॉल खो खो हसत सुटला. हर्षलाचे डोळे भरून आले. मी स्टेजवर जाऊन फळीचे स्क्रू काढू लागलो. पोरीनं डोळे पुसले, खुर्चीवर मोबाइल ठेवला आणि अशी गायली, अशी गायली, की आईच्या काखेतली कोंबडीसुद्धा गप्प झाली. पहिला नंबर!

तानपुरा आता पुन्हा गोठ्यात असतो. आत कोंबडी आणि सात पिल्लं. शेजारीपाजारी बघायला येतात. आई त्यांना ते भोक कौतुकानं दाखवते. म्हणते, "पिल्लांना वारा लागतो बगा. इतक्या वर्सांत पयल्यांदा माझ्या धनेशनं कायतरी कामाचं केलं!"