गुलाबी हात

आपल्या हाताला तोड नाही, असं दातांच्या डॉक्टरांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी कधी कुणापासून लपवलंही नाही. त्यामुळे कपाटातला जुना रोबो दवाखान्यात आणून त्यांनी मदतनीस बाईंना सांगितलं, ‘‘याला नवा उजवा हात बसवतो. चुटकीसरशी.’’

रोबोचा मूळ हात दादाकडे होता. लहानपणी शाळेतून आलं की दोघे भाऊ दप्तरं भिरकावून जपानी रोबोंची मालिका बघायला बसायचे. सुरुवातीचं गाणं लागलं की दादा खाटेवर उभा राहून उजवी मूठ छताकडे उगारायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची. वडिलांनी हौसेनं त्या रोबोचा जोडायचा संच आणला, पण दोघांत एकच. दादानं भाग कातरले, धाकट्यानं चिकटवले. पुढे आईच्या माघारी घर रिकामं करताना भांड्याकुंड्यांवरून एक शब्द झाला नाही. रोबोवरून मात्र असं जुंपलं की ओढाताणीत त्याचा हात खांद्यातून निखळून दादाच्या मुठीत राहिला. तेव्हा दोघांनाही टक्कल पडायला लागलं होतं. दादा हात घेऊन तरातरा निघून गेला, आणि तेव्हापासून फोन नाही की निरोप नाही.

नवा हात डॉक्टरांनी कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचा घडवला. खांद्यात दातांना लावायची तार घातली, रंग गुलाबीच राहू दिला आणि रोबोला खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात, पेशंटांच्या प्लास्टरच्या जबड्यांमध्ये उभा केला. हात खाली, ताठ सावधान.

जेवून परत आले तर हात वर होता, मूठ छताकडे.

बाईंनी चेष्टा केली असणार असं म्हणून त्यांनी तो खाली केला. संध्याकाळपर्यंत तो मुकाट्यानं खाली राहिला. दुसऱ्या दुपारी पुन्हा वर. मग त्यांनी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि जेवायला गेले. परत आले तर कुलूप जसंच्या तसं, हात वर. वेळही तीच, शाळेतून परतायची. भोवतीचे जबडे तर असे उघडे, की जणू कुणीतरी त्यांना गाणं म्हणायला सांगितलंय.

दाढ काढायला आलेले एक धिप्पाड गृहस्थ खुर्चीतून ते बघत बसले, मग दाढ दुखायची थांबली म्हणाले आणि निघून गेले. बाईंनी दुपारनंतर आतल्या खोलीत पाऊल टाकायचं बंद केलं. डॉक्टरांनी वरवर सगळं हसण्यावारी नेलं, पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. तो हात अगदी दादासारखाच वर जात होता, कोपर किंचित वाकडं ठेवून. माणूस या जगातून गेला की जवळच्यांना काहीतरी खूण मिळते, असं आई म्हणायची. दादाचं काही बरंवाईट झालं असेल, तर आपल्याला कळवणार तरी कोण?

एवढ्या वर्षांत फिरवला नव्हता तो नंबर त्यांनी फिरवला. घंटा वाजत राहिली. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. दुपारभर त्यांचं कशात लक्ष लागेना. समोरच्या मुलीच्या दातांना तारा लावताना ते नेहमीचं भाषण सवयीनं म्हणत होते, ‘‘ही तार गारव्यात मऊ पडते, पण तोंडाच्या उबेनं पुन्हा आपल्या मूळ आकारात...’’

आणि ते मध्येच थांबले. जेवणाच्या सुट्टीत एसी बंद असायचा आणि कपाटावर खिडकीतलं ऊन थेट पडायचं. खांद्यात तीच तार होती! डॉक्टर एकटेच खदाखदा हसले आणि तोंड उघडं ठेवून बसलेली मुलगी घाबरली. बाईंना बोलावून त्यांनी सगळं समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं, पण पर्स खांद्यावरून काढली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा होता. हातमोजे न काढताच डॉक्टरांनी तो उचलला.

‘‘छोट्या, कोण गेलं?’’ दादानं विचारलं.

‘‘कुणी नाही. रोबो हात वर करतोय. म्हटलं तुला काही...’’

दादा हळूच म्हणाला, ‘‘इथला हातसुद्धा. फळीवर आडवा ठेवतो, दुपारी बघावं तर उभा.’’

‘‘तू त्यात तार घातलीस?’’

‘‘कसली तार? मी काय दातांचा डॉक्टर आहे?’’

धाकट्याकडे जे असेल ते आपल्याकडेही आहे म्हणून सांगायचं, ही दादाची लहानपणापासूनची खोड. डॉक्टरांना ती पुरती ठाऊक होती. तरीही त्यांनी उलटतपासणी केली नाही. तारेचं गुपितही सांगितलं नाही, नाहीतर दादाला यायला निमित्त उरलं नसतं. ‘‘उद्या हात घेऊन ये,’’ एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रोबोवर ऊन नीट पडावं म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा पार बाजूला सारला. पण आभाळ गच्च भरलं होतं. जेवायला न जाता ते कपाटासमोर बसून राहिले. काच गार, हात खाली. आता दादाला काय दाखवायचं, या काळजीनं त्यांना एसी बंद करायचंही सुचलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. दादा दारात आला. अंगानं सुटलेला, डोक्यावर एक केस नाही, हातात रुमालाची पुरचुंडी. तो डॉक्टरांकडे न बघता थेट कपाटाकडे बघत होता.

डॉक्टरांनी मान वळवली. हात वर होता.

दादानं पुरचुंडी खाली ठेवली, कोपर किंचित वाकडं करून मूठ छताकडे उगारली आणि लहान मुलासारखा रडायला लागला. डॉक्टरही रडले. मधेच त्यांनी कपाट उघडून तो गुलाबी खांदा चाचपला, तर तार बर्फासारखी थंड होती.

बाई तेवढ्यात धीर करून दोघांसाठी पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ग्लास खुर्चीवरच ठेवले आणि सांगितलं, ‘‘डॉक्टर, मी सोमवारी येते. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणीतरी याला घरी न्या.’’

‘‘मी नेतो,’’ दोघे भाऊ एकदमच म्हणाले, आणि दोघांनी एकाच वेळी रोबोला हात घातला.