पडद्याआडचे पान

एका जंगलात, बाळांनो, ज्ञानाची मोठी पूजा होत असे. म्हणजे ज्ञानाला फुले वाहत, धूप दाखवीत आणि गाभाऱ्याचे दार लावून घेत.

त्या जंगलात शल्यकशास्त्री नावाचे एक वृद्ध साळिंदर होते. व्यवसायाने वैद्य, वृत्तीने भाविक. अंगावरचा काटा उपटून जांभळाच्या रसात बुडवावा आणि सागाच्या पानावर लिहावे, हा त्यांचा नेम. एके वर्षी जंगलात धापेचा रोग आला. हरणे पळता पळता बसू लागली. माकडांचा दंगा थांबला, तेव्हा तर सर्वांनाच खरी काळजी वाटू लागली.

सभा भरली. शास्त्रीबुवांनी औषध शोधावे आणि तोवर त्यांची चूल सर्वांनी चालवावी, असे ठरले. हत्तीने कंद दिले, सशाने कोवळा पाला दिला, मुंगीने तोंडचा दाणा काढून दिला. अट एकच होती. जे सापडेल ते पानावर लिहून वडाच्या पारावर ठेवायचे. तेथे कोणीही यावे, बसावे, वाचावे. पाराची राखण कमठाआत्या नावाची कासवीण करी. राखण म्हणजे पाने वाऱ्याने उडू नयेत, इतकीच. वाचणाऱ्याला तिने कधी अडवले नाही.

शास्त्रीबुवांनी औषध शोधले. होय, खरोखरच शोधले! दोन झाडांच्या साली आणि एक मूळ ठरावीक प्रमाणात उकळायचे. प्रमाण जमले तर धाप थांबे. चुकले तर श्वासच थांबे.

पान लिहून झाले आणि कलापराव मोर दारात हजर झाले. त्यांचा एक रत्नमंडप होता. तेथे निवडक पाने पिसांच्या पडद्याआड टांगलेली असत. ज्याचे पान मंडपात लागे, तो पंडित. ज्याला ते वाचायचे असे, त्याने मधाचे भरले पोळे आणायचे.

“शास्त्रीबुवा, हे पान पारावर ठेवणार?” कलापराव कळवळले. “अहो, तेथे खारीसुद्धा वाचतात!”

“पण सभेची अट आहे.”

“अट मोडा, असे मी कोठे म्हणतो? देवाला नैवेद्य दाखवताना आपण आधी पडदा ओढतोच ना? प्रसाद मागाहून वाटतो. तसेच हे. एक ऋतू पडद्याआड राहू द्या. मग खुशाल पारावर ठेवा.”

दृष्टांत देवघरातला होता. शास्त्रीबुवा विरघळले. ‘हे पान आता मंडपाचे’ या ओळीखाली त्यांनी पंजा उमटवला.

ऋतू सरला. त्यांच्या पत्नी भागीरथीबाईंनी विचारले, “अहो, पान पारावर कधी ठेवता?”

“आज एकादशी आहे गं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारले.

“आज द्वादशी. पारण्याच्या गडबडीत कोण जाणार?”

भागीरथीबाईंनी कोनाडा आवरायला घेतला. पुढे धापेचा जोर ओसरला. आपले पान रत्नमंडपात लागले, त्याचेच हे पुण्य, अशी शास्त्रीबुवांची प्रामाणिक समजूत झाली.

आणि मग एके सकाळी धापेने भागीरथीबाईंनाच गाठले. त्यांना शब्द फुटेना. शास्त्रीबुवांना दोन्ही साली आठवल्या, मूळ आठवले, प्रमाण मात्र काही केल्या आठवेना. कोनाड्यात पहिल्या खाडाखोडीचे कच्चे पान असायचे, तेही नव्हते.

“हिची आवराआवर!” असे पुटपुटत ते रत्नमंडपाकडे धावले.

दारात सरडा होता. “पोळे?”

“अरे, त्या पानाचा लेखक आहे मी!”

“इथे येणारे सगळे लेखकच असतात, आजोबा. पोळे?”

आवाज ऐकून कलापराव बाहेर आले. “शास्त्रीबुवा, आपल्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे. आपण अर्धे पोळे आणले तरी चालेल.”

“अहो, माझी बायको गुदमरते आहे!”

“अरेरे! मग तर आपण ते फारच मन लावून वाचाल.”

साळिंदराला झाडावर चढता येत नाही, बाळांनो. तरी शास्त्रीबुवा पोळे शोधायला निघाले. वाट पारावरून जात होती.

“शास्त्री, एवढ्या घाईने कोठे?” कमठाआत्यांनी विचारले. शास्त्रीबुवांनी रडत रडत सारे सांगितले.

“मग मंडपात कशाला गेलात? पान तर इथे आहे!”

खरेच होते. तेच कच्चे पान. तीच खाडाखोड, तोच जांभळाचा डाग. वर तुळशीचे एक दल. कडा मात्र खुरांनी आणि नखांनी झिजल्या होत्या.

“कोणी ठेवले हे?”

“वहिनींनी. द्वादशीलाच आणून ठेवले. अर्धे जंगल याच्यावर बरे झाले की!”

शास्त्रीबुवा पानाकडे झेपावले. तेथे एक खार वाचत होती. “आजोबा, रांगेने!” ती म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बाजूला झाली.

काढा उकळला. सूर्य मावळायच्या आत भागीरथीबाईंचा श्वास सरळ झाला.

“अगं, मला विचारायचे तरी!” शास्त्रीबुवा म्हणाले.

“विचारले होते की. एकादशीला, आणि द्वादशीलाही.” त्यांनी काढ्याचा शेवटचा घोट घेतला. “पडद्याआड देव जेवतात, हे खरे. पण बाहेर भुकेली मंडळी ताटकळत असतात, अहो. तुम्ही पडदा काढायला विसरलात, म्हणून मी काढला.”

पुढे सभेने शास्त्रीबुवांचा जाहीर सत्कार केला. ज्ञान सर्वांस खुले करणारे महात्मा म्हणून! अध्यक्षस्थानी अर्थातच कलापराव होते. “आजपासून रत्नमंडपही सर्वांस खुला!” त्यांनी घोषणा केली. “पडदा उचलण्याच्या श्रमांपोटी लेखकाने मधाची चार पोळी आणावीत, म्हणजे झाले.” टाळ्यांचा कडकडाट झाला. शास्त्रीबुवा उत्तराला उभे राहिले. “पान पारावर ठेवण्याचा माझा संकल्प पहिल्यापासूनच होता,” ते म्हणाले आणि बराच वेळ बोलले.

सभेत भागीरथीबाईंची जागा रिकामी होती. शास्त्रीबुवांनी नुकतेच खोकल्यावर नवे पान लिहायला घेतले होते. घरचा कोनाडाही रिकामा होता.

तात्पर्य : बाळांनो, लोकांच्या घासावर मिळवलेले ज्ञान विद्वानाने मानाच्या मंडपात लावावे आणि ते खुले करण्याचा संकल्प रोज न चुकता सोडावा. फक्त कच्चे पान घरच्या माणसांचा हात पोहोचेल अशा कोनाड्यात ठेवावे.